लागरला लोण्याचा वास येतोय? डायअसिटिल रेस्टच्या या चुका टाळा

घरी केलेल्या लागरला (थंडीत आंबवलेल्या बिअरला) बटर पॉपकॉर्नसारखा वास आला आणि जिभेवर तेलकट थर जाणवला, की लोक आधी रेसिपीला दोष देतात, मग यीस्टच्या पाकिटाला. हा वास डायअसिटिल या संयुगाचा. किण्वन संपत आलं की यीस्टने ते परत शोषावं म्हणून बिअर काही दिवस उबेत ठेवायची, याला डायअसिटिल रेस्ट म्हणतात. खरी चूक बहुतेक वेळा या रेस्टच्या वेळेत असते.

(महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेत, जर्मनीत किंवा जिथे कायदा परवानगी देतो तिथे गॅरेजमध्ये, तळघरात फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, लावून बसलेल्या मंडळींसाठी.)

कॅलेंडर बघून रेस्ट सुरू करणं

"दहाव्या दिवशी तापमान वाढवा" हा सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो, आणि सगळ्यात जास्त बिअर यानेच बिघडते. तुमचं यीस्ट किती, वर्ट (आंबवायचं माल्टचं गोड पाणी) किती थंड, त्यात ऑक्सिजन किती, यावर दहावा दिवस म्हणजे अर्धं काम झालेलं असेल किंवा सगळं संपून यीस्ट तळाशी बसलेलं असेल. डायअसिटिल परत शोषून घेणारं यीस्टच असतं. ते जागं आणि कामात असतानाच त्याला ऊब द्यायची.

दिवस मोजू नका, ग्रॅव्हिटी (द्रवाची घनता, साखर संपेल तशी ती उतरते) मोजा. सुरुवात १.०४८ आणि शेवट १.०१० धरला, तर एकूण उतार ३८ पॉइंटांचा (एक पॉइंट म्हणजे ०.००१). त्यातला साधारण तीन-चतुर्थांश उतार झाला, म्हणजे हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) १.०२० ते १.०१८ दाखवू लागला, की ११ अंश सेल्सिअसवरून १७ अंशांकडे निघायचं. तिथे पोचायला एक-दीड दिवस लागतो, तोवर शेवटचे थोडे पॉइंट उरलेले असतात. हीच योग्य वेळ. शेवटची ग्रॅव्हिटी अंदाजाने धरू नका. यीस्ट टाकल्यावर २५० मिली वर्ट वेगळ्या बाटलीत घ्या, त्यात भरपूर जास्तीचं यीस्ट घाला, तोंडावर फॉइल सैलसर लावा आणि बाटली २४-२५ अंशांवर ठेवा. ती दोन-तीन दिवसांत संपते आणि मुख्य फर्मेंटर कुठे थांबणार ते आधीच सांगते.

थंड बिअर चाखून "वास नाही" म्हणणं

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी चूक ही. नेहमी घडतं ते असं: बारा दिवसांनी एअरलॉक (फर्मेंटरमधला गॅस बाहेर सोडणारी झडप) शांत होतो, नमुना चाखला तर अगदी स्वच्छ लागतो, म्हणून रेस्ट न देताच फर्मेंटर थेट २ अंशांवर जातो. पुढे बिअर केगमध्ये (साठवायच्या पिंपात) भरली जाते. तीन आठवड्यांनी पाहुण्यांसमोर ग्लास भरला, की घरभर लोण्याचा वास. मग केगला दोष, नळीला दोष, संसर्गाचा संशय.

झालेलं असतं भलतंच. यीस्ट वाढताना अल्फा-असिटोलॅक्टेट बाहेर सोडतं. त्याला वास नाही, चव नाही. ते यीस्टच्या मदतीशिवाय, आपोआप डायअसिटिलमध्ये बदलतं. थंडीत अगदी सावकाश, उबेत झपाट्याने. चाखलेल्या नमुन्यात वास नव्हता, पण कच्चा माल तसाच शिल्लक होता. केगमध्ये तो हळूहळू बदलत गेला, भरताना शिरलेल्या हवेने त्याला आणखी जोर दिला, आणि तोवर शोषून घ्यायला यीस्टच उरलं नव्हतं. फिकट लागरमध्ये लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास डायअसिटिल असलं तरी नाकाला कळतं.

म्हणून नुसत्या जिभेवर विसंबू नका. झाकणाच्या दोन स्वच्छ बरण्यांत शंभर-शंभर मिली बिअर घ्या. एक ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, दुसरी बाहेर. मग गरम बरणी गार पाण्यात धरून दोन्ही सारख्या तापमानाला आणा आणि झाकण उघडताच हुंगा. फक्त गरम केलेलीला लोण्याचा वास आला तर कच्चा माल बाकी आहे, दोन्हींना आला तर डायअसिटिलच बाकी आहे. दोन्ही वेळा थांबायचं. दोन्ही स्वच्छ, आणि ४८ तासांच्या अंतराने घेतलेली ग्रॅव्हिटी तीच, मगच थंड करा. बहुतेकदा दोन ते चार दिवस पुरतात. पाचवा लागला तर लागू द्या. बिअर त्याने बिघडत नाही, घाईने बिघडते.

बाकीच्या चुका

तापमान वाढवल्यावर एअरलॉक पुन्हा बुडबुडतो. ते बरेचदा उबेने सुटणारं कार्बन डायऑक्साइड असतं, त्यावरून काही ठरवू नका.

दारू तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचा (थेंबातून प्रकाश किती वाकतो यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. हायड्रोमीटर वापरा, नमुन्यातला गॅस काढून, २० अंशांवर.

थर्मोस्टॅटचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नका. फर्मेंटरला चिकटवा, वरून फोमचा तुकडा बांधा.

हिवाळ्यात गॅरेज ५ अंशांवर असेल तर फ्रिज बंद करून बिअर तापत नाही. हीट बेल्ट लावा, नाहीतर फर्मेंटर घरात आणा. हे आधीच ठरवून ठेवा.

रेस्टआधी बिअर दुसऱ्या भांड्यात काढू नका. यीस्ट मागेच राहतं.

यीस्टचं एकच पाकीट टाकून लवकर सुरू व्हावं म्हणून वर्ट २० अंशांवर ठेवायचं, हा अधीर नवशिक्यांचा आवडता शॉर्टकट. उबेत यीस्ट भराभर वाढतं आणि असिटोलॅक्टेटही जास्त सोडतं. २० लिटरला ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं घाला आणि १० अंशांवरच सुरुवात करा.

ड्राय हॉपिंग (सुगंधासाठी बिअरमध्ये हॉप्सची फुलं न उकळता घालणं) केलंत तर चाचणी पुन्हा करा. हॉप्समधल्या एन्झाइममुळे किण्वन परत सुरू होऊ शकतं आणि नवं डायअसिटिल तयार होतं.

एएलडीसी एन्झाइम मिळालं तर जरूर वापरा. ते असिटोलॅक्टेटचं थेट असिटोइन (वास सहसा न जाणवणारं संयुग) करतं, मध्ये डायअसिटिल येतच नाही. मात्र ते यीस्टबरोबर सुरुवातीलाच घालायचं. तयार झालेल्या डायअसिटिलवर त्याचा काही उपयोग नाही.

बिअर आधीच थंड झाली आणि वास येतोय? १८ अंशांवर आणा आणि जोरात फेसाळत असलेलं दुसऱ्या लागरचं वर्ट एक ते दोन लिटर घाला. कोरडं यीस्ट वरून भुरभुरून फारसं काही होत नाही. आठवडाभरानंतरही वास वाढतच असेल आणि आंबटपणाही जाणवत असेल, तर तो बहुधा पेडिओकॉकस या जिवाणूचा संसर्ग. तिथे रेस्ट कामाची नाही. बिअर ओतून द्या, नळ्या आणि नळाचे रबरी वॉशर बदला.