जांघेतल्या हर्नियाला जाळी कशी बसवावी

नवीन एम.एस. होऊन आलेल्या पोरांना दुर्बिणीच्या ऑपरेशनचीच घाई असते. दुर्बीण शिकाच, पण निपाणी-चिक्कोडी भागात प्रॅक्टिस करायची तर आधी लिक्टेन्स्टाइन पद्धत, म्हणजे जांघेत चिरा घेऊन जाळी शिवायची रीत, हातात बसली पाहिजे. तंबाखूच्या वखारीत पोती उचलणाऱ्याला ती परवडते, आणि धाप लागणाऱ्या म्हाताऱ्यालाही नुसती जागा बधिर करून करता येते.

चिरा घेणं कॉलेजात शिकलाच आहात. एक्स्टर्नल ऑब्लिक (पोटाच्या बाहेरच्या स्नायूचा पडदा) उघडला की इलिओइंग्वायनल नर्व्ह (जांघेतली संवेदनेची नस) शोधायची आणि सांभाळायची. ती टाक्यात सापडली, तर पेशंट पुढं महिनोन्‌महिने जांघेत चटके बसतात म्हणून दारात उभा. कॉर्ड, म्हणजे वृषणाकडं जाणारी दोरी, उचला. हर्नियाची पिशवी इनडायरेक्ट (कॉर्डच्या वाटेनं आलेली) असेल तर आतल्या रिंगपर्यंत, म्हणजे कॉर्ड पोटातून बाहेर येते त्या भोकापर्यंत, सोडवून आत ढकला. डायरेक्ट (मागची कमजोर भिंत फुगून आलेली) असेल तर फुगवटा आत दाबून एक टाका मारा.

आता जाळी. पॉलिप्रोपिलीनची, साधारण 15 बाय 7.5 सेंमी. आतला कोपरा गोल कापा आणि तो प्युबिक ट्युबरकलच्या (जांघेच्या हाडावरच्या उंचवट्याच्या) पुढं दीड-दोन सेंमी जाऊ द्या. परत आलेला हर्निया उघडतो तेव्हा मला बहुतेक इथंच भोक दिसतं. जाळी नेमकी हाडाच्या काठावर संपवलेली असते. पहिला टाका हाडावरच्या टिश्यूत घ्या, पेरिऑस्टियममध्ये (हाडाच्या आवरणात) नको, ते दुखणं फार चिवट. मग 2-0 प्रोलीन धाग्यानं खालची कड इंग्वायनल लिगामेंटला (जांघेतल्या पट्ट्याला), रिंगच्या थोडं बाहेरपर्यंत शिवत जा. सुई खोल घालू नका, खाली फिमोरल व्हेन, म्हणजे मांडीची मोठी शीर आहे. बाहेरच्या टोकाला चीर देऊन दोन शेपट्या करा, वरची रुंद, खालची अरुंद. त्या कॉर्डभोवती एकमेकींवर घेऊन लिगामेंटला अडकवा. वरच्या कडेला दोन-तीन टाके पुरे.

जाळी ताणू नका. झोपलेल्या माणसावर छान सपाट दिसते, पण उभं राहिल्यावर पोट पुढं येतं आणि जाळी पुढं आकसतेही. थोडी सैलच हवी. भूल जागेपुरती असेल तर पेशंटला टेबलावरच खोकायला लावा. इकडं निम्म्यांना कन्नडमध्ये ‘केम्मरी’ (खोका) म्हटलं तरच कळतं.

पैशांपायी कुणाला परत पाठवू नका. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या युगांडातल्या चाचणीत तसली स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. म्हणून बाजारातली मच्छरदाणी आणून कापत बसू नका हं, शुद्ध कापड आणि नीट निर्जंतुकीकरण लागतं.

त्याच संध्याकाळी चालवा. पोती मात्र महिनाभर तरी बंद. हे इथल्या माणसाकडून पाळून घेणं ऑपरेशनपेक्षा अवघड, त्यामुळं ऊसतोडीवाल्याची तारीख कारखाने पेटायच्या आधीच धरा.