‘नोंद सापडली नाही’ म्हणजे पुस्तक नाही असे नव्हे: ओपॅक शोधताना या चुका टाळा

वाचक देवघेवीच्या खिडकीशी येऊन विषय सांगतो, तो तसाच ओपॅकच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेच्या, चौकटीत टाइप होतो आणि पडद्यावर शून्य उमटते. पुढचे वाक्य ठरलेले: ‘आपल्याकडे नाही.’ कित्येकदा पुस्तक दोन कपाटे सोडून उभे असते. ओपॅकला विषय कळत नाही, फक्त अक्षरे कळतात. ती अक्षरे कुणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी कीबोर्डवर उमटवलेली असतात. म्हणून शोधायला बसताना एकच विचारायचे: नोंद करणाऱ्याने हे कसे लिहिले असेल?

वाचकाचे अख्खे वाक्य टाकणे

‘पंचगंगेच्या २०१९च्या महापुराबद्दल माहिती’ असे टाकले की कोहासारखी ग्रंथालयाची संगणक प्रणाली यातला प्रत्येक शब्द एकाच नोंदीत शोधते. ‘माहिती’ हा शब्द कशाला असेल तिथे? दोन नामे ठेवा, बाकी गाळा.

तरीही अडते, कारण मराठी नाम विभक्तीत रूप बदलते. पूर–पुराचा, पंचगंगा–पंचगंगेचा, तालीम–तालमी, कोल्हापूर–कोल्हापुरातील. कोहात शब्दाच्या शेवटी * दिले की पुढची सगळी रूपे येतात, पण हे चिन्ह कुठे द्यायचे इथेच गडबड होते. ‘कोल्हापूर*’ने ‘कोल्हापूरची’ सापडते, ‘कोल्हापुरातील’ सुटते; दीर्घ ऊकार तिथे ऱ्हस्व झालेला असतो. चिन्ह नेहमी बदलणाऱ्या स्वराच्या आधी द्या: ‘कोल्हाप*’, ‘पंचगंग*’. आखूड शब्दांना ही युक्ती लागू पडत नाही. ‘पूर’, ‘पुरा*’, ‘महापूर’, ‘महापुरा*’ हे वेगवेगळेच शोधावे लागतात. आळस करून ‘महापु*’ टाकलेत तर पुराबरोबर महापुरुषांची चरित्रेही वाहून येतील.

दिसायला एक, आत वेगळे

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे. तेच ‘अ’ला वर चंद्र जोडूनही टाइप करता येते. पडद्यावर दोन्ही सारखी, संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द. ‘शेतकऱ्यांचा’मधला ‘ऱ्य’ही एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो आणि घाईत कुणी रफार देऊन ‘शेतकर्यांचा’ही करून ठेवते. प्रणालीची मांडणी नीट असेल तर यातले काही भेद ती स्वतः मिटवते, पण त्यावर विसंबू नका. ‘शेतक*’ टाकले की वाद मिटतो. जिथे शंकेचे अक्षर पहिलेच आहे तिथे शीर्षकातला दुसरा एखादा निर्धोक शब्द घ्या.

जुन्या पुस्तकांत आणखी एक गाठ असते. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या शीर्षकपृष्ठांवर ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असेच छापले आहे आणि चांगला नोंदकार ते तसेच उतरवतो. ‘गाव’ने काही मिळाले नाही तर ‘गांव’ टाकून पाहा.

फक्त देवनागरीत शोधणे

काही ग्रंथालयांच्या मराठी नोंदी रोमन लिपीत आहेत. ‘वर्ल्डकॅट’सारख्या जागतिक तालिकेत तर हे हमखास भेटते. तिथे लायब्ररी ऑफ काँग्रेसची लिप्यंतर पद्धत चालते. तिच्यात शब्दाच्या शेवटचा न उच्चारला जाणारा ‘अ’सुद्धा लिहितात, म्हणजे ‘इतिहास’च्या शेवटी एस नंतर आणखी एक ए. ‘च’साठी नुसता सी येतो, सी-एच हे ‘छ’साठी राखलेले. आपण मोबाइलवर लिहितो तसे टाकले की हाती काही लागत नाही.

शाहू महाराज कोणते?

कोल्हापुरात ‘शाहू महाराज’ म्हटले की राजर्षी शाहू (१८७४–१९२२) हे सांगावे लागत नाही. ओपॅक कोल्हापूरचा नाही. त्याच शब्दांवर साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) यांची पेशवेकालीन पुस्तकेही येतात. ‘शाहू’ला ‘राजर्षी’, ‘करवीर’ किंवा ‘कोल्हाप*’ यांपैकी एकेका शब्दाची जोड देऊन तीनदा शोधा. तिन्ही एकदम टाकू नका, नाहीतर वर सांगितलेलीच चूक होईल. एक चांगली नोंद सापडली की तिच्यातल्या विषयशीर्षकाच्या दुव्यावर क्लिक करा. त्याच विषयशीर्षकाची बाकीची पुस्तके एका रांगेत येतात. १९०२च्या आरक्षणाच्या आदेशावर काही हवे असेल तर ‘आरक्षण’बरोबर ‘राखीव’ आणि ‘मागास*’ हेही पाहा.

लेखकांच्या नावांतही हेच. ‘वि. स. खांडेकर’ हे ‘खांडेकर, विष्णु सखाराम’ असे असू शकते, ‘विष्णू’ही असू शकते. आद्याक्षरांमधली टिंबे आणि मोकळ्या जागा शोध बिघडवतात. लेखक हा रकाना निवडून नुसते ‘खांडेकर’ टाका. कुसुमाग्रज हवे असतील तर ‘शिरवाडकर’ही तपासा, दोन्ही नावे एकमेकांना जोडलेली असतीलच असे नाही.

सुरुवातीलाच गाळण्या लावणे

वर्षाची गाळणी (फिल्टर) विशेष धोक्याची. जुन्या पुस्तकावर शके १८१६ असते, म्हणजे इसवी सन १८९४-९५ (शकात ७८ मिळवा, वर्षअखेरीच्या महिन्यांना ७९). नोंद करताना कुणी तोच आकडा इसवी सन म्हणून टाकला असेल तर तुमच्या गाळणीतून पुस्तक निसटते. स्थळाचेही तसेच: प्रभात फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात निघाली, पुण्याला गेली १९३३मध्ये. ‘प्रभात’ला फक्त ‘पुणे’ जोडलेत तर पहिली चार वर्षे हातची जातील. आधी मोकळा शोध, मग गाळणी.

नोंद आहे, पुस्तक जागेवर नाही

वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला आकडा, लिहून घेताना दशांशाचे भान ठेवा. ८९१.४६३ (मराठी कथा-कादंबरी) हे ८९१.४७च्या आधी येते. वाचकाला फडताळाकडे पाठवण्याआधी प्रतीची स्थिती वाचा: बाहेर गेलेली, बाइंडिंगला, संदर्भ विभागात, दुसऱ्या शाखेत. बहुखंडी ग्रंथाची नोंद कित्येकदा एकच असते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा खंड, २४वा, १८८६चा, हा मालिकेच्या नावाखाली असतो; प्रतींची यादी उघडल्याशिवाय तो दिसत नाही.

ओपॅकमध्ये नसतेच ते

मासिकातला लेख ओपॅकमध्ये सहसा नसतो, मासिकाचे नाव असते. शिवाजी विद्यापीठाचे पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात पाहावेत. संस्थानकाळची मोडी कागदपत्रे कोल्हापूरच्या पुरालेखागारात, ग्रंथालयात नव्हेत. आणि करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५०पासूनची परंपरा ज्या गावात आहे, तिथे जुना संग्रह सगळा संगणकावर आला असेल असे कुठल्याच वाचनालयात गृहीत धरू नका. कार्ड तालिका आणि दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची क्रमवार वही) मागून घ्या.

खटपटीनंतर पुस्तक सापडले, तर कुठल्या शब्दाने अडले होते ते दाखल क्रमांकासह चिठ्ठीवर लिहून नोंदणी करणाऱ्याकडे द्या. मार्क नोंदीत (संगणकीय ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्यात) २४६ हे क्षेत्र पर्यायी शीर्षकासाठीच आहे. आजच्या लेखनातले शीर्षक तिथे घातले की पुढच्या वाचकाला ते थेट मिळेल. मूळ शीर्षकाच्या २४५ या क्षेत्रातला ‘गांव’ मात्र खोडू नका. शीर्षकपृष्ठावर तो तसाच आहे.