प्रॉपर्टी ठेवायची की मेथड? कंस कुठे लावायचे ते बघू

टिंब देऊन नुसतं नाव लिहिलं की मिळते ती प्रॉपर्टी, नावापुढे कंस लावून बोलवावी लागते ती मेथड. समजा तुम्ही मुंबई लोकलचं अ‍ॅप बनवताय आणि त्यात लोकल नावाचा क्लास आहे. गाडी फास्ट की स्लो, डबे 12 की 15, सुटते कुठून, हे ऑब्जेक्टमध्ये आधीच असतं, त्याला बिनधास्त प्रॉपर्टी करा. पण आत्ता किती लेट चाललीय हे सर्व्हरला विचारावं लागतं, वेळ जातो, नेट गेलं तर एरर, म्हणजे ती मेथड, आणि नावातही क्रियापद येऊ द्या, 'उशीर_आणा()' असं काहीतरी.

कारण टिंब देऊन नुसतं नाव लिहिणारा माणूस धरूनच चालतो की हे फुकटात मिळतंय, मग तो ते लूपमध्ये टाकतो, एकाच ओळीत दोनदा विचारतो. कंस दिसले की उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवायचं सुचतं तरी.

पायथनचं पाथलिब (फाइलींचे पत्ते हाताळणारी लायब्ररी) बघा. फाइलचं 'नेम' ही प्रॉपर्टी, पण 'एक्झिस्ट्स()' ही मेथड, कारण त्यासाठी डिस्कवर जाऊन बघावं लागतं. कोटलिन भाषेवाल्यांनी तर सरळ लिहूनच ठेवलंय: एरर फेकत नसेल, काढायला स्वस्त असेल (किंवा एकदा काढून कॅश केलेलं, म्हणजे साठवून ठेवलेलं असेल) आणि ऑब्जेक्ट बदलला नसेल तर उत्तरही तेच येत असेल, तर प्रॉपर्टी घ्या. या हिशोबाने सी शार्पचं 'डेटटाइम.नाउ' मेथड असायला हवं होतं असं माझं मत, दर वेळी वेगळं उत्तर देतं ना ते.

सगळ्यात छुपा घोळ लिस्टचा. 'स्टेशनं' ही प्रॉपर्टी दर वेळी अख्ख्या लिस्टची कॉपी देत असेल आणि कोणी चर्चगेट ते विरार लूप फिरवत प्रत्येक फेरीला 'लोकल.स्टेशनं[आय]' लिहिलं तर फेरीगणिक नवीन कॉपी, आणि कोड वाचून काही कळत नाही. तिथे मेथडच द्या. गेटरच्या (प्रॉपर्टी वाचताना चालणाऱ्या कोडच्या) आत काउंटर वगैरे वाढवू नका, व्हिज्युअल स्टुडिओचा डिबगर (चुका शोधायचं साधन) प्रॉपर्ट्या स्वतःच वाचून दाखवतो, म्हणजे तुम्ही नुसतं बघितलं तरी आकडा बदलणार 😅

जावात प्रॉपर्टी नाहीच, तिथे 'गेट' स्वस्त कामाला आणि 'फेच' किंवा 'लोड' महागड्या कामाला, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आणि पायथनमध्ये आधी दिलेल्या प्रॉपर्टीची नंतर मेथड करायची झाली तर जुनं नाव वापरू नका. 'इफ गाडी.लेट:' असं कोणी लिहिलेलं असेल तर एररही येत नाही, मेथड स्वतःच ट्रू धरली जाते आणि सगळ्या गाड्या कायम लेट दिसतात. मेथडला नवं नाव द्या, जुनी प्रॉपर्टी वॉर्निंगसकट एक-दोन व्हर्जन चालू ठेवा, मग काढा.