पद्मिनीचं इंजिन तापतंय? रेडिएटरला हात लावण्याआधी हे तपासा

प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन दणकट आहे, पण त्याचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक (खालचा सिलिंडरांचा सांगाडा) बिडाचा. दोन धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून ही गाडी एकदा जोरात तापली की पाणी उडून भागत नाही, हेड वाकतं. एवढं असूनही गाडी तापली की पहिला बळी रेडिएटरचा जातो. नवा कोअर (नळ्या-जाळीचा गाभा) बसतो, पैसे जातात आणि पुढच्या घाटात तापमानाचा काटा पुन्हा लाल रेषेवर. दोष कुठे आहे हे गाडी स्वतःच सांगत असते. फक्त ती नेमकी केव्हा तापते, ते बघायला हवं.

सिग्नलला उभी असताना तापते आणि चालू लागली की काटा खाली येतो, तर हवेचा प्रश्न: पंखा, पट्टा, जाळीतला कचरा. शहरात ठीक, पण कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या चढावर तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा इग्निशन मागे पडलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापली, तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकलाय, हवा कोंडलीय किंवा हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग गेलंय. आणि काटा मधोमध असताना गाडी घाटात धडधडून बंद पडली, तर ते तापणं नव्हेच. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरली आहे. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. त्यासाठी रेडिएटर उघडू नका.

रस्त्यात तापली तर

बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबा. झाकण गरम असताना उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि झाकण सैल होताच ते एकदम उकळून अंगावर येतं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबून बघा. तो कडक लागला तर अजून दाब आहे. गार पाणी ओतायचं ते इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्यावर, हळूहळू. तापलेल्या हेडवर गार पाण्याची बादली म्हणजे तडा गेलाच समजा.

आधी काटा खरं बोलतोय का?

तापमानाच्या सेन्सरवरची तार काढा. काटा खाली पडायला हवा. तार काढूनही वरच राहिला, तर ती कुठेतरी बॉडीला घासतेय. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि काटा चुकीचा दाखवतो. खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मगच वाचा.

पट्टा आणि पंखा

पद्मिनीत एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनमो फिरवतो. तो सैल झाला की तिन्ही एकदम मंदावतात. उभ्या गाडीत चार्जिंगचा दिवा लुकलुकतोय आणि काटाही चढतोय, अशी जोडी दिसली तर पट्ट्यावरच संशय घ्या. इंजिन बंद असताना दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा: साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. फार ताणलात तर पंपाचं बेअरिंग जाईल. पट्ट्याच्या कडा चकाकत असतील तर ताणून उपयोग नाही, बदला.

बऱ्याच गाड्यांत मारुती ८००चा इलेक्ट्रिक पंखा बसवलेला असतो. कल्पना वाईट नाही, पण दोन चुका वारंवार होतात. तारा उलट जोडल्या की पंखा हवा उलटी ढकलतो. रेडिएटरपुढे कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. दुसरं, जुना डायनमो उभ्या गाडीत पुरेसा करंट देत नाही, त्यामुळे पंखा फिरतो तो बॅटरीवर. असा पंखा हवाच असेल तर आधी अल्टरनेटर बसवा.

झाकण, होज, पंप

झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही. दर १ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. याउलट, महाबळेश्वरच्या १३५० मीटर उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं. तिथे निकामी झाकणाची गाडी उकळते, त्यात इंजिनाचा दोष नसतो. पण नव्या गाडीचं १३ पीएसआयचं झाकण चढवू नका. जुन्या रेडिएटरची डाखेची शिवण फुटेल. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाचंच घ्या.

खालचा होज पंपाच्या ओढीने आत चिमटतो, तोही वेगात असताना. उभ्या गाडीत तो ठणठणीत दिसतो. मदतनीसाला इंजिनाची गती वाढवायला सांगून लक्ष ठेवा. दाबून मऊ लागला तर बदलून टाका. पंपाच्या तळाला एक छोटं भोक असतं. तिथून पाणी ठिबकत असेल तर सील गेलंय. ते भोक एम-सीलने बुजवू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरेल. इंजिन बंद करून पंख्याची पाती धरून मागेपुढे हलवा. खुळखुळ जाणवली तर पंपाची दुरुस्ती आली.

थर्मोस्टॅट

“आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही” म्हणून तो काढून टाकायची रीत गॅरेजांत जुनी आहे. हा सल्ला ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, तेलात ओल साचते आणि सिलिंडर लवकर झिजतात. खराब असेल तर बदला. तपासणं स्वयंपाकघरात होतं: पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट तळाला टेकू न देता दोऱ्याने लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे.

आतला गाळ

वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या गाडीत खरा चोर इथे सापडतो. क्षार नळ्यांत थर धरतात आणि ब्लॉकच्या मागच्या सिलिंडरभोवती गंजाचा चिखल बसतो. नुसता रेडिएटर साफ करून बसवला की महिन्याभरात हाच चिखल नव्या कोअरमध्ये येतो. म्हणून आधी ब्लॉक, मग रेडिएटर.

निवलेल्या इंजिनातलं पाणी रेडिएटरच्या आणि ब्लॉकच्या तोटीतून काढा, बादलीत मोजून घ्या. ब्लॉकच्या तोटीतून काहीच आलं नाही तर तोटी काढून भोकात तार घाला. चिखल तिथेच असतो. मग थर्मोस्टॅट तात्पुरता काढून लिटरला सुमारे ३० ग्रॅम लिंबूसत्व घातलेलं साधं पाणी भरा, इंजिन गरम करून वीसेक मिनिटं चालवा, निवू द्या, काढा. पुन्हा साध्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चालवा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कॉस्टिक सोडा मात्र नको. तो ॲल्युमिनियमचं हेड खातो. जुना गंज निघाल्यावर वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) गळू लागले तर घाबरू नका, ते गंजावरच तगून होते; नवे बसवा.

रेडिएटर सोडवून खालच्या तोंडातून पाण्याचा दाब द्या, म्हणजे गाळ आला त्याच वाटेने जाईल. गरम इंजिनावर कोअरवर थर्मामीटर फिरवताना मधेच गार पट्टे लागले होते, तर त्या नळ्या बंद आहेत. अशा वेळी रेडिएटरवाल्याकडून टाक्या उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्या.

इग्निशन

याच्याकडे कुणी बघत नाही. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची) टाच झिजते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. पेट्रोल उशिरा जळतं, उष्णता सायलेन्सरकडे आणि हेडच्या भिंतींत जाते. आधी मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने गॅप, त्यानंतरच टायमिंग; क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा बिघडेल. प्लग पांढरेफटक असतील तर मिश्रण पातळ आहे: कार्बोरेटरचं जेट आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा.

हेडचं पॅकिंग

बाहेर कुठे गळत नाही, तरी पाणी कमी होतं. गार इंजिन झाकण काढून सुरू केलं की लगेच बुडबुडे येतात. तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा थर आहे. यातलं काही दिसलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी भरले तर मधलं पॅकिंग जळालंय. हेड काढल्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर घाला. ०.०५ मिमीपर्यंत चालतं, ०.१ गेला तर फेसिंग (तळ घासून सपाट करणं) करून घ्या. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच. जुन्या पद्धतीचं पॅकिंग असेल तर ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर पुन्हा कसावं लागतं, आणि मग टॅपेटची (झडपा उघडणाऱ्या भागांची) गॅपही जुळवावी लागते.

भरताना

एक भाग जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे पाणी गोठत नाही. कूलंट हवं ते गंजासाठी, आणि नुसतं पाणी त्याच्यापेक्षा उष्णता चांगली वाहतं. गाडीचं नाक चढाकडे करून सावकाश भरा, वरचा होज दाबत राहा म्हणजे हवा निघेल. पातळी झाकणाच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा. काठोकाठ भरलेलं पहिल्याच फेरीत बाहेर पडतं आणि उगीच गळतीचा संशय येतो. काढताना बादलीत मोजलेल्यापेक्षा बरंच कमी मावलं, तर हवा अजून आत आहे. वीस मिनिटं चालवा, रात्रभर निवू द्या, सकाळी थंड इंजिनावर पातळी बघून भर घाला, आणि मगच घाट.