फ्रॉइडची 'प्रेरणा' बारावीला शिकवताना

बारावीच्या पोरांना मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड शिकवताना मी बरीच वर्षं 'सहजप्रवृत्ती' हा एकच शब्द फळ्यावर लिहायची. घोटाळा तिथंच व्हायचा. म्हणून आधी 'सहजप्रवृत्ती' आणि 'प्रेरणा' हे दोन शब्द वेगळे करा.

पोरांना विहिरीवर वाकलेल्या बाभळीकडे न्या. सुगरणीचा नर तिथं खोपा विणतो. शिकवायला कोणी नसतं, तरी वीण दरवर्षी तीच. ही सहजप्रवृत्ती. माणसाबद्दल लिहिताना फ्रॉइडनं 'ट्रीब' हा जर्मन शब्द घेतला. त्याच्या मुळाशी हाकणं आहे, गुरं हाकतात तसं. जेम्स स्ट्रॅचींच्या इंग्रजी भाषांतरात त्याचं 'इन्स्टिंक्ट' झालं आणि फरक पुसला गेला. मी 'प्रेरणा' म्हणते. सत्काराच्या भाषणातली नव्हे, आतून रेटणारी, हेही तेव्हाच सांगून टाका.

मग बैल घ्या. पराणी टोचली की तो पुढं पळतो आणि टोचणी चुकवतो. तहानेपासून पळून कुठं जाईल? १९१५च्या लेखात फ्रॉइडनं बाहेरची टोचणी आणि आतली प्रेरणा यांत हाच भेद केला आहे. त्याच लेखात प्रेरणेची चार अंगं आहेत: उगम, रेटा म्हणजे तिचा जोर, उद्दिष्ट आणि विषय, म्हणजे जिच्यातून ती शमते ती वस्तू. ती पाठ करून घेऊ नका, दाखवा.

मला ती वेचणीच्या दिवसांत दिसली. एका बाईनं निंबाला लुगड्याची झोळी बांधली, लेकराला पाजलं, निजवलं आणि ओटी कसून ती पाथीला लागली. लेकरू अंगठा चोखत होतं. लाळेनं अंगठा पांढरा, सुरकुतलेला. मी तो हळूच काढला, तर त्यानं झोळीचा काठ तोंडात घेतला.

"पोट तं भरलं मॅडम, तरी चोखूनच रायला पोट्टा," ती म्हणाली.

१९०५च्या निबंधांत फ्रॉइड हेच सांगतो: चोखण्याचं सुख आधी दुधाच्या आधारानं येतं, मग भुकेपासून सुटतं. उगम ओठ, उद्दिष्ट तो ताण शमवणं. विषय मात्र अंगठा काय, लुगड्याचा काठ काय, सहज बदलतो. खोप्याची वीण बदलत नाही. इथं हवा तेवढा वेळ द्या, पोरांना इथंच उमगतं.

प्रेरणा उलटते, स्वतःवर वळते, तिचं दमन होतं म्हणजे ती नेणिवेत दाबली जाते, किंवा उदात्तीकरण, म्हणजे ती समाजाला मान्य कामाकडे वळते, हे एका तासात शिकवून होतं.

१९२०ची मृत्युप्रेरणा, म्हणजे जिवाला निर्जीव अवस्थेकडे परत ओढणारी प्रेरणा, दुसऱ्या दिवशी घ्या, आणि जपून. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पोरं लगेच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर येतात. वर्गात अशा घरचं लेकरू बसलेलं असू शकतं. कर्ज आणि नापिकीचं उत्तर या संकल्पनेत शोधू देऊ नका. ती त्यासाठी मांडलेलीच नाही.

शेवटी प्रत्येकाला स्वतःची एक सवय घेऊन चारही अंगं वहीत लिहायला सांगा. ती वही तपासायला मागू नका, मोठ्यानं वाचायलाही लावू नका.