हॅलोविनच्या मोसमात भयपट कसे पाहावेत आणि त्यांवर कसे बोलावे

ऑक्टोबर उजाडला की भयपटांच्या याद्या फिरू लागतात. एकतीस दिवसांत एकतीस चित्रपट पाहण्याचा संकल्प अनेकजण सोडतात आणि साधारण दहाव्या दिवशी तो सोडूनही देतात. मी हा उद्योग एकदा शेवटपर्यंत नेला, तेव्हा महिनाअखेरीस मला चित्रपटांची नावे तेवढी आठवत होती; कोणत्या चित्रपटात विहीर होती आणि कोणत्यात तळघर, याचा पत्ता नव्हता. तेव्हापासून मी आठवड्याला एकच चित्रपट, पण तो चारचौघांसोबत, आणि त्यानंतर निदान तासभर बोलणे, असा नेम ठेवला आहे. भयपटाची निम्मी गंमत त्या तासात असते. मात्र तो तास चांगला जावा म्हणून थोडी तयारी करावी लागते आणि एक प्रश्न कटाक्षाने टाळावा लागतो, तो म्हणजे ‘भीती वाटली का?’ या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच मिळते आणि लगेच कोण किती धीट याची चढाओढ सुरू होते. त्याऐवजी ‘नेमक्या कोणत्या क्षणी आणि कशामुळे?’ असे विचारले, तर सर्वांत घाबरट माणसाकडेच सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते, असे लक्षात येते.

चित्रपटांची निवड आणि क्रम

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ, अर्थात १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या. तिचे मूळ साधारणपणे केल्टिक लोकांच्या साउइन या सणात शोधले जाते, आणि आयर्लंड व स्कॉटलंडमधून गेलेल्या स्थलांतरितांनी ती अमेरिकेत रुजवली. महिन्यात शनिवार चार किंवा पाच येतात, म्हणून चित्रपटही तेवढेच निवडावेत. ते कालक्रमाने पाहावेत, असा माझा आग्रह आहे. आधी गेल्या वर्षीचा चित्रपट आणि मग शंभर वर्षांपूर्वीचा, अशा क्रमाने गेल्यास जुना चित्रपट केवळ संथ वाटतो. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक नवी युक्ती ती नवी होती त्या वेळच्या प्रेक्षकाच्या जागी बसून अनुभवता येते.

पाच शनिवारांसाठी ‘नोस्फेराटू’ (१९२२), ‘कॅट पीपल’ (१९४२), ‘सायको’ (१९६०), ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) आणि ‘हॅलोविन’ (१९७८) ही मालिका चांगली चालते. शनिवार चारच असतील तर पहिला वगळावा, कारण मूकपटाची सवय नसलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात गळतात. ज्यांना धीर आहे त्यांनी मात्र तो जरूर पाहावा. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीचे हक्क न घेताच तो काढला होता, स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तरीही काही प्रती वाचल्या. मूकपट असल्यामुळे त्याला निरनिराळ्या संगीतकारांनी निरनिराळे संगीत दिले आहे, आणि एकच प्रसंग दोन वेगळ्या संगीतांसह लागोपाठ लावला तर पुढच्या आठवड्यांतल्या चर्चेची पायाभरणी आयतीच होते.

निवड करण्यापूर्वी येणाऱ्या प्रत्येकाला, शक्यतो एकेकट्याला गाठून, कोणत्या गोष्टी पाहवत नाहीत हे विचारावे. रक्त चालते पण सुई चालत नाही, माणसांचे मरण चालते पण कुत्र्याचे नाही, अशी उत्तरे मिळतात आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नसतात. मधेच उठून जाणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही, हेही आधीच सांगून ठेवावे. दार उघडे आहे हे ठाऊक असले की बहुतेक लोक बसून राहतात.

पाहताना

दिवे मालवावेत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, आणि एकदा सुरू केलेला चित्रपट मधे थांबवू नये. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने ‘सायको’ प्रदर्शित करताना सुरुवात झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, अशी अटच घातली होती. घरी तेवढी शिस्त शक्य नसते, तरी उशिरा येणाऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून लावण्याची भिडस्त सवय मोडावी.

पडदा किती मोठा, याची चिंता लोक उगाच करतात. खरी चिंता आवाजाची करावी. लॅपटॉपच्या पिटुकल्या स्पीकरवर दूरची पावले, श्वास, वाऱ्यात हलणारे दार यांतले काहीच नीट पोहोचत नाही, आणि भयपटाचा मोठा भाग त्यांतच असतो. ज्याला फार भीती वाटते त्याने डोळे झाकण्याऐवजी कान झाकून पाहावे. बहुतेक वेळा भीती तत्काळ निम्मी होते. सबटायटल्सच्या बाबतीतही सावध राहावे. काही सबटायटल्समध्ये संवादांखेरीज आवाजांचेही वर्णन असते, आणि पात्राला चाहूल लागण्याआधीच पडद्याच्या तळाशी ‘पावलांचा आवाज जवळ येतो’ असे वाचायला मिळते. ऐकण्याची अडचण असणारे कोणी सोबत असेल तर तीच ठेवावीत. अन्यथा केवळ संवादांची निवडावीत.

कोणी हसले तर दटावू नये. ताण असह्य झाला की हसू फुटते, आणि ते नेमके कुठे फुटले हे नंतरच्या चर्चेत उपयोगी पडते. मात्र शेजाऱ्याला मुद्दाम दचकवण्याचा वात्रटपणा करू नये. मी एकदा ऐन प्रसंगी एका मैत्रिणीच्या खांद्यावर मागून हात ठेवला होता. ती किंचाळली, मग हसलीही, पण पुढच्या शनिवारी आली नाही.

बोलण्यापूर्वी एक चिठ्ठी

चित्रपट संपल्यावर लगेच बोलू नये. प्रत्येकाने एका कागदावर एकच क्षण लिहावा: जो सर्वांत जास्त अंगावर आला तो, आणि शक्य असल्यास त्या वेळी पडद्यावर काय दिसत होते तेही. चिठ्ठ्या लिहून झाल्यावरच तोंड उघडावे. हा सोपस्कार शाळकरी वाटतो हे मला मान्य आहे, पण त्याशिवाय जो सर्वांत आधी आणि मोठ्याने बोलतो त्याचेच मत सर्वांचे होते, आणि उरलेले जण आपल्याला काय वाटले होते हेच विसरतात.

चिठ्ठ्या वाचताना आपल्या भाषेतले तीन शब्द वेगवेगळे ठेवावेत: दचका, धास्ती आणि किळस. दचका क्षणात येतो आणि क्षणात जातो. धास्ती हळूहळू चढते आणि घरी सोबत येते. किळस पोटात असते. ‘भीती’ या एका शब्दाखाली हे तिन्ही झाकले जातात, आणि मग एकजण चित्रपट भयंकर होता म्हणतो व दुसरा फुसका म्हणतो, तेव्हा दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोशी झालेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. प्रेक्षकाला ठाऊक नसताना बॉम्ब फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि पात्रे मात्र निवांत गप्पा मारत आहेत, असे असेल तर तीच पंधरा मिनिटे जिवाची उलघाल होते. पहिला दचका, दुसरी धास्ती.

एक प्रसंग पुन्हा पाहणे

त्यानंतर सर्वाधिक चिठ्ठ्यांत आलेला प्रसंग पुन्हा लावावा. ‘कॅट पीपल’चे उदाहरण घेऊ. एक स्त्री रात्री उद्यानाच्या भिंतीलगत एकटी चालली आहे. रस्त्यावरच्या दिव्यांचे उजेडाचे तुकडे आणि त्यांमधला काळोख ती आळीपाळीने ओलांडते. तिच्या टाचांचा टक्‌टक्‌ आवाज येतो, मागून दुसऱ्या टाचांचा येतो, आणि मग तो मागचा आवाज थांबतो. ती वळून पाहते. मागे कोणी नाही. ती पावले झपाझप उचलू लागते, आणि एकाएकी कानठळ्या बसवणारा फिस्कारा येतो. ती असते बस, ब्रेक लावत चौकटीत घुसलेली. निर्माता व्हॅल ल्युटन आणि दिग्दर्शक झाक तुर्नर यांच्या या प्रसंगावरून अशा फसव्या दचक्याला पुढे ‘ल्युटन बस’ असेच नाव पडले.

पहिल्यांदा पाहताना सर्वांना बस आठवते. दुसऱ्यांदा पाहताना कळते की बस ही केवळ पावती आहे. रक्कम त्याआधीच, मागची पावले थांबली तेव्हा, वसूल झालेली असते. आवाज थांबणे हे आवाज येण्यापेक्षा भयंकर असू शकते, ही गोष्ट एखाद्याने व्याख्यान देऊन सांगितली तर पटत नाही, पण प्रसंग पुन्हा लावून बोट ठेवले की पटते. तोच प्रसंग एकदा आवाज पूर्ण बंद करून आणि एकदा डोळे मिटून केवळ ऐकावा. ‘सायको’मधल्या स्नानगृहाच्या प्रसंगावरही हा प्रयोग करावा. त्या प्रसंगाला संगीतच नको, असा हिचकॉकचा मूळ विचार होता. संगीतकार बर्नार्ड हरमनने केवळ तंतुवाद्यांचे संगीत रचून ऐकवले आणि हिचकॉकने विचार बदलला. दोन्ही प्रकारे पाहून कोण बरोबर होता यावर आमच्याकडे झालेला वाद अजून मिटलेला नाही. हरमनच्या बाजूने बहुमत आहे. मी अल्पमतात आहे.

वाद कसा घालावा

‘मला काहीच वाटले नाही’ असे कोणी म्हटले तर चर्चा तिथेच मरते. अशा वेळी ‘काय वेगळे असते तर वाटले असते?’ असे विचारावे. उत्तर देण्यासाठी त्या माणसाला चित्रपट मनातल्या मनात पुन्हा उभा करावाच लागतो, आणि बहुधा तो तासातले सर्वांत नेमके निरीक्षण करून जातो.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’नंतर वाद हमखास अर्थावर जातो, आणि तो तसा जाऊ द्यावा. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने प्रमुख भूमिकेसाठी ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याची निवड केली, आणि चाचणीत तोच सर्वांत सरस ठरला म्हणून त्याला घेतले, असे त्याने पुढे सांगितले. पण कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या एप्रिल १९६८ मध्ये झाली आणि चित्रपट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पडद्यावर आला. त्याची शेवटची काही मिनिटे त्या काळच्या प्रेक्षकाने वंशभेदाचा विचार न करता पाहिली असतील, हे मानणे कठीण आहे. दिग्दर्शकाच्या मनात नसलेला अर्थ चित्रपटात असू शकतो का, हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही. जाता जाता एक सोयीची गोष्ट: नाव बदलताना स्वामित्वहक्काची सूचना छापायची राहून गेल्यामुळे अमेरिकेत हा चित्रपट पहिल्यापासूनच सर्वांसाठी खुला झाला. त्यामुळे त्याच्या कळाहीन प्रतींचा सुळसुळाट आहे. थोडे शोधून स्वच्छ केलेली प्रत मिळवावी.

ज्यांनी चित्रपट आधी पाहिला आहे त्यांनी पाहताना गप्प बसावे आणि चर्चेत सर्वांत शेवटी बोलावे. ‘आता बघ हं’ हे तीन शब्दही रहस्यभेदच आहेत. बाहेर कोणाला चित्रपट सुचवताना पहिल्या अर्ध्या तासापलीकडचे काही सांगू नये.

शेवटचा शनिवार

‘हॅलोविन’ ३१ तारखेच्या शक्य तितक्या जवळ ठेवावा. कथा शरद ऋतूतली असली तरी चित्रण वसंतात, कॅलिफोर्नियात झाले. म्हणून पाने रंगवावी लागली, आणि पैशांची चणचण असल्यामुळे तीच गोळा करून पुन्हा पुन्हा वापरली गेली. हे आधी सांगितले तर लोक पानेच मोजत बसतात, त्यामुळे नंतर सांगावे. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने स्वतः रचलेले संगीत पाच मात्रांच्या ठेक्यात आहे. चार मात्रांना सरावलेला पाय त्यावर नीट पडत नाही. सर्वांना टेबलावर बोटांनी ठेका धरायला सांगितले की ही अस्वस्थता हाताला कळते.

या चित्रपटानंतर चिठ्ठीवर एकच क्षण न लिहिता शेवटच्या मिनिटाभराच्या दोन याद्या कराव्यात: काय दिसले आणि काय ऐकू आले. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर त्या एकमेकींशी जुळत नाहीत हे दिसते, आणि ते का जुळत नाहीत यावर बोलता बोलता रात्र बरीच होते. म्हणून त्या रात्री कोण कोणासोबत घरी जाणार, हे चित्रपट लावण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.