तुमची फाइल कुणाकुणाच्या हातात जाते?

बावीस वर्षं मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. एवढ्या काळात फाइल पळवणारा चोर एकदाही भेटला नाही. गोष्टी फुटल्या त्या नोंदणीच्या खिडकीवर, लिफ्टमध्ये, आणि एकदा माझ्याच हातून.

म्हणून सुरुवात खिडकीपासूनच करा. आतून मोठ्या आवाजात "काय होतंय?" असं विचारतात आणि मागच्या रांगेचे कान टवकारतात. अशाच एक बाई लाजून "पोट दुखतंय" म्हणाल्या आणि नको त्या विभागाबाहेर तासभर बसून राहिल्या. खिडकीला नाव, वय, पत्ता आणि विभाग पुरतो. "बाकीचं डॉक्टरांना सांगते" म्हणा, किंवा विभागाचं नाव चिठ्ठीवर लिहून आत सरकवा. डॉक्टरांपाशी मात्र काही दडवू नका. दारू, आधीचा गर्भपात, कुणाच्या तरी सल्ल्याने चालू असलेल्या गोळ्या, सगळं सांगा.

मग घरातल्या कुणाला काय कळवायचं ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. मी हे चटका बसल्यावर शिकले. "मी तिचा भाऊ" म्हणत एकजण आला, आडनाव जुळलं, मी डिस्चार्ज कार्डाची प्रत काढून दिली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "घरी सांगितलं नव्हतं मी," एवढंच म्हणाली. त्यानंतर रुग्णाच्या सहीचं पत्र आणि आणणाऱ्याचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी कागद हलू दिला नाही. रिपोर्ट ज्या मोबाइलवर येणार तो घरात आणखी कोण उघडतं, तेही आठवून मगच नंबर द्या.

डॉक्टर, नर्स, लॅब यांच्यात माहिती फिरते ती फिरू द्या; त्याशिवाय उपचार होत नाहीत. काही साथीच्या आजारांची खबर सरकारी आरोग्य खात्याला द्यावीच लागते, तिथेही हुज्जत घालून उपयोग नाही. राउंडला विद्यार्थ्यांचा घोळका आला तर मात्र "आज नको" म्हणायला तुम्ही मोकळे आहात.

खरी नजर ठेवायची ती उपचाराबाहेर जाणाऱ्या कागदांवर. विम्याच्या संमतीपत्रात बहुधा "सर्व वैद्यकीय नोंदी" असं लिहिलेलं असतं. सही करण्याआधी विचारा, याच दाखल होण्यापुरत्या नोंदी दिल्या तर चालेल का? कधी चालतं, कधी नाही. पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून कमी मागत नाही.

संशोधनाचा कागद आला की "नाव काढून टाकतो हो" असं सांगतात. हे अर्धंच खरं. 1997 च्या सुमारास अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने नावं वगळलेल्या रुग्णालयीन नोंदी मतदार यादीशी ताडून पाहिल्या आणि थेट मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच नोंदी शोधून काढल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड, एवढ्यावर काम झालं. तेव्हा विचारायचं ते असं: पूर्ण जन्मतारीख जाणार की फक्त साल? पूर्ण पिनकोड की नुसता जिल्हा? आमच्याकडे येणारे बरेच संशोधक हे विचारल्यावर गडबडायचे. ज्याला नीट सांगता यायचं, त्याच्या कागदावर मी स्वतः रुग्ण असते तर आनंदाने सही केली असती. रुग्णांच्या नोंदींवाचून औषधांचं ज्ञान पुढे सरकत नाही, हेही तितकंच खरं.

माणूस गेल्यावर तरी फाइल मोकळी होते का? नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत रुग्णाच्या मृत्यूनंतरही त्याचं गुपित राखायला सांगितलं आहे. वारसांना कागद मिळतात, पण कारण आणि पुरावा दाखवून.

आता शेवटचं काम. उपचार संपले की फाइलची प्रत लेखी अर्ज करून मागा. नोंदी संगणकावर असतील तर तुमची फाइल कुणी, कधी उघडली याचा माग बऱ्याच ठिकाणी राहतो, तोही मागून पाहा. प्रत हातात आली की घरी बसून वाचा. चुकीचं काही सापडलं तर "खोडून टाका" म्हणू नका. जुनी ओळ वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी दुरुस्ती, तारीख आणि डॉक्टरांची सही. पांढरी शाई लावून दिली तर तो कागद परत करा.